डेलरॉयची तबकडी

तैयबाने नारळाच्या वड्यांचा डबा माझ्या ओट्यावर ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "क्रांतीताई, तुझ्याकडं हायेत तसली एक काळी तबकडी आमच्या अब्बांच्या गादीखाली हाय. जमैकाची. पण ती खोटी हाय म्हणतात."

माझ्या हातातला चहा सांडला. पाहुण्यांचा होता, सांडू दे.

नागावात माझं छोटं होमस्टे आहे, पण जीव अडकलाय तो जमैकाच्या रेगे संगीताच्या जुन्या तबकड्यांमध्ये. त्यातही डबमध्ये. डब म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी सांगते, तयार गाण्यातून गाणारा काढून टाकायचा, ढोल आणि खर्जातला बास ठेवायचा आणि मोकळ्या जागेत पडसाद घुमवायचे. "मग गाणं कुठाय?" असा पुढचा प्रश्न हमखास येतो आणि माझं डोकं फिरतं. अशी दुर्मीळ तबकडी मिळाली की मी ती संगणकावर उतरवते आणि जगभरच्या वेड्यांसाठी फुकट नेटवर टाकते. उतरवताना पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारचा कोंबडा टोपलीखाली. माझ्या प्रतीत कुणाची शिंक जरी आली तरी मी ती पुसते आणि पुन्हा उतरवते. या बाबतीत मी खडूस आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पाहुण्यांना दुसरा चहा देऊन मी बॅटरीवरचा छोटा प्लेअर पाठीला मारला आणि तैयबाच्या मागोमाग स्कूटर चौलला पिटाळली.

तिचे अब्बा, अब्दुस्समद चाचा, पडवीत सुपारी सोलत बसले होते. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर आचारी होते. मी विषय काढताच त्यांनी तोंड वाकडं केलं, पण उठून आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तबकडी माझ्या मांडीवर टाकली. "घेऊन जा. दिलेली चीज फेकू नये म्हणून ठेवली व्हती."

सात इंची तबकडी, मधलं भोक मोठं, लेबल कोरं पांढरं. त्यावर पेनाने इंग्रजीत तीनच अक्षरं होती: सॅम. ओरखडा म्हणून नव्हता. मी ती फक्त कडांनी धरली. कोऱ्या लेबलाची तबकडी म्हणजे बाजारात जायच्या आधी काढलेली, मोजक्या लोकांच्या हाती लागलेली.

"सॅम कोण, चाचा?"

"मीच. अब्दुस्समद त्या लोकांच्या तोंडात बसंना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जमैकात किंग्स्टनला जहाज लागलं की चाचा डेलरॉय नावाच्या माणसाकडे जायचे. डेलरॉय गल्लीत स्पीकरच्या लाकडी खोक्यांची भिंत उभारून गाणी वाजवायचा. अख्खी गल्ली नाचायची आणि लोक आळीपाळीने माइक घेऊन गाण्यावर बोलायचे. एकदा त्याने माइक चाचांच्या हातात दिला. चाचांना दुसरं काही सुचेना, तर त्यांनी होडी ओढतानाच्या आरोळ्या ठोकल्या. गल्ली नुसती पेटली. निघताना चाचांनी त्याला आपला ट्रान्झिस्टर दिला आणि त्याने त्याच गाण्याची तबकडी दिली.

"घरी आलो, मोठ्या हौसेनं सगळ्यांना बोलावलं, तबकडी लावली. तर काय? चिक-चिक, चिक-चिक. ना तो ढोल, ना कुणाचा आवाज. सगळे हसले माझ्यावर. भलतंच काय तरी गळ्यात मारलंन मेल्यानं."

"मग पुढे?"

चाचांनी सुपारी खाली ठेवली. "पुन्हा जहाज तिथं लागलं. डेलरॉय गोदीच्या फाटकावर आला, माझं नाव घेत. मी पहारेकऱ्याला सांगितलं, सॅम या जहाजावर न्हाय म्हणून सांग. वरून बघत व्हतो मी. बराच वेळ उभा व्हता, मग गेला." त्यांनी सुपारी पुन्हा हातात घेतली. "पोरी, गाण्याचं काय न्हाय गं. दोस्त गेला माझा."

मी प्लेअर उघडला, हेडफोन लावले आणि सुई टेकवली. देवा! बास असा खोल होता की मी पडवीतल्या पडवीत उडी मारली. मी हेडफोन चाचांच्या कानाला लावले. त्यांनी नीट ऐकलं आणि मान हलवली. "न्हाय. ह्ये कानात वाजतंय. त्ये इथं वाजायचं." आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

"चाचा, घरी तबकडी लावली ती कशावर?"

"मामूच्या पेटीवर. झाकणात स्पीकर व्हता ना, ती."

मला त्या पेटीला, मामूला आणि हसणाऱ्या सगळ्यांना एकेक लगावावीशी वाटली. झाकणातल्या वाटीएवढ्या स्पीकरमधून बास कुठून येणार? आणि आवाज नव्हता, कारण डबची बाजू मुद्दाम रिकामीच ठेवतात, माइकवाल्याने बोलावं म्हणून. मी हे सगळं तावातावाने समजावलं. चाचा म्हणाले, "माझं मन राखायला बोलतीस."

आता मात्र मला राहवेना. तबकडी मला हवी होती, जीव जाईल इतकी हवी होती. पण ती खोटी म्हणून नको होती.

आमच्या भागात डेलरॉयसारखी स्पीकरची भिंत एकाकडेच आहे. थळचा कुलदीप. हळदीला डीजे लावतो आणि खताच्या कारखान्यापर्यंत लोकांना कळतं की आज कुणाची तरी हळद आहे. मी त्याला फोन केला. दुसऱ्याच दिवशी पूनम नावाच्या मुलीची हळद होती. "दुपारी चेकिंगला या ताई," तो म्हणाला. "पण तबकडी? पेनड्राइव्ह न्हाय काय?"

दुपारी मांडवात पोहोचले तेव्हा कुलदीप भिंतीसमोर उभा होता. "एवढ्या दणक्यात तुमची सुई उड्या मारल," म्हणाला. मग स्वतःच स्कूटरची ट्यूब आणली, थोडी हवा भरली, त्यावर कडाप्प्याची लादी आणि लादीवर माझा प्लेअर. पोरगं हुशार आहे. मी मिक्सरवरून रेकॉर्डिंग सुरू केलं, कारण एवढ्या धुळीत तबकडीचं काही झालं तर निदान एक प्रत हाती राहावी.

तैयबा चाचांना रिक्षाने घेऊन आली. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. "एकदाच ऐकणार," असं जाहीर करून ते भिंतीसमोर खुर्चीवर बसले. हे चुकलं, तर त्यांना डेलरॉय दुसऱ्यांदा गमवावा लागणार होता.

मी सुई टेकवली.

आधी चिक-चिक. चाचांचा चेहरा पडला. आणि मग बास आला. प्लास्टिकच्या खुर्च्या सरकायला लागल्या, परातीतल्या कालवलेल्या हळदीवर लाटा उठल्या, माझे दात वाजले. चाचांचा हात छातीवर गेला. ते उभे राहिले.

"ह्योच! या अल्ला, ह्योच त्यो! तैयबा, ह्योच गं!"

मी किंचाळले. कुलदीपही किंचाळला, कशासाठी ते त्याला धड ठाऊक नव्हतं. इतक्यात चाचांनी टेबलावरचा माइक उचलला. "चाचा, नको! रेकॉर्डिंग चालू आहे!" मी ओरडले. कुणाला ऐकू जातंय!

"हैसा रे हैसा! ओढ रे पोरा, हैसा!"

कुलदीपने आवाजाला पडसाद जोडला आणि ती आरोळी मांडवभर फिरून आली. हळद कुटणाऱ्या बायका मुसळं टाकून धावल्या आणि नाचायलाच लागल्या. पंचाहत्तरीचा म्हातारा टाचा उचलून डोलत होता. मी रडत होते आणि हसत होते. ज्या प्रतीवर शिंकही चालत नाही, तिच्यावर हे सगळं चढत होतं.

मग गाण्यात एक जागा आली जिथे ढोलही थांबतो. चाचा हळू बोलले.

"डेलरॉय, माफ कर भाई. पेटी खोटी व्हती. तू खरा व्हतास. मी जहाजावरच व्हतो रे."

बास परत आला. चाचांनी माइक खाली ठेवला आणि तैयबाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तबकडी मी अर्थातच परत केली. ती आता गादीखाली नाही, बैठकीच्या कपाटात आहे, आणि लेबलावर 'सॅम'शेजारी कुणाचा तरी पिवळाधमक अंगठा उमटलाय. "घरी नेऊन एकदा स्वच्छ उतरवते, मग नेटवर टाकते," असं मी म्हटलं तर चाचा माझ्यावरच उखडले. "माझ्या आवाजाबिगर त्याला कसं कळल, सॅमनं ऐकलं म्हणून?"

म्हणून मी आहे तशीच टाकली. आरोळ्या, बायकांच्या शिट्ट्या, माझं "चाचा, नको", सगळ्यासकट. जगभरचे वेडे खूश आहेत आणि चिडलेतही. कोण हा म्हातारा, त्याचा आवाज काढून द्या, अशा विनवण्या रोज येतात. एकालाही मी दाद देत नाही.

चाचा दर जुम्म्याला नमाजानंतर फोन करतात. "डेलरॉयचं काय आलं?"

"अजून नाही, चाचा."

"मग पुढच्या हळदीला अजून मोठ्यानं लावू," ते म्हणतात. "किंग्स्टन लांब हाय."