चाळीसपर्यंत टिकणारा फेस

एक. दोन. तीन.

न्हावीकाका वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढतायत आणि मोजतायत. खुर्चीत माझे बाबा, गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात. त्यांच्या गालांवर फेस. फेस मी केलाय, आणि ज्या ब्रशने केलाय तो ब्रशही मीच केलाय.

ब्रशचं आधी सांगते. नको, नियम आधी.

आमच्या घरात दाढीचे ब्रश बनतात. हाताने, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे. नवं माणूस पहिला ब्रश करतं तेव्हा तो बाबांच्या गालावर तपासायचा, याच खुर्चीत. न्हावीकाका चाळीस वेळा वस्तरा ओढणार. तोवर फेस उभा राहिला तर ब्रशच्या मुठीवर घराची छाप बसते. नाही राहिला तर पुन्हा करायचा, पण किटलीतलं पाणी गरम आहे तोवरच. पाणी निवलं की पुढच्या वर्षी या. माझ्या चुलतभावाने असं दोनदा पाणी निववलं आणि चष्म्यांचं दुकान काढलं.

अकरा. बारा.

आता ब्रश. चार महिने लागले. केसांची टोकं कात्रीने छाटायची नसतात, सगळा मऊपणा टोकांतच असतो. म्हणून केस पितळी पेल्यात उलटे सोडायचे आणि पेला टेबलावर आपटत राहायचं, टोकं आपली आपण जुळतात. मी इतकं आपटलं की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, नवीन घर बांधताय का. मग झुपका दोऱ्याने आवळला, अक्रोडाच्या मुठीत बसवला. तयार झाल्यावर मलमलीत गुंडाळून तीन आठवडे कपाटात ठेवला. रोज काढून बघायचे आणि परत ठेवायचे. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. कोराकरकरीत आणला आज.

सतरा. अठरा. एकोणीस.

फेस बसला.

आधी हनुवटीवर भोक पडलं, मग डावा गाल सगळाच घसरला आणि बाबांच्या कॉलरमध्ये गेला. न्हावीकाकांनी पट्टा सोडला आणि म्हणाले की मिशीवर थोडा उरलाय, तेवढा घरी घेऊन जा.

बाबा परीक्षक. परीक्षकाने बोलायचं नसतं.

पुन्हा. ब्रश भिजवला, झटकला, साबणावर फिरवला, वाटीत घोटला. पाणी कमी घेतलं. घोटताना फेस फुगला, छान फुगला, आणि गालावर टिकला तेवीसपर्यंतच. पुन्हा. साबण जास्त घेतला. सव्वीस.

न्हावीकाकांनी किटलीला हात लावला. त्यांनी जसं तोंड केलं ते मला आवडलं नाही.

मी स्वतःलाच म्हटलं, कशाला घाबरतेयस, हात चांगला आहे तुझा, फेस होतोय की. होतोय आणि मरतोय. का मरतोय? मी ब्रश नाकाशी नेला. ओल्या बकरीसारखा वास. बाबांच्या ब्रशला असा वास कधीच नसतो. कधीच. का नसतो?

आणि एकदम आठवलं.

मी सहा-सात वर्षांची. बाबा जेवण झाल्यावर खिडकीत बसायचे, नवा ब्रश घेऊन, तळहातावर फेस करायचे. दाढी करायची नाही, नुसता फेस. धुवायचे, परत फेस, परत धुवायचे. माझ्या नाकाला लावायचे. मला वाटायचं, बाबा खेळतात. पंचवीस वर्षं मला वाटत होतं की बाबा खेळतात.

केसांत प्राण्याचं तेल असतं! ते फेस खातं. नवा ब्रश आधी उपाशी मारायचा नसतो, पोटभर फेस चारायचा असतो, मग तेल निघून जातं आणि तो फेस खायचं थांबतो. आणि मी त्याला मलमलीत जपत बसले होते, देवासारखा.

मी वाटी बाजूला सारली. तळहातावर साबण. ब्रश गोल गोल. बेसिनमध्ये धुतला. तळहात, गोल गोल, धुतला. फेस आधी करडा, मग कमी करडा. न्हावीकाका म्हणाले, अगं गाल इकडे आहे. मी ऐकलं नाही. चार. पाच. मनगट भरून आलं. सहा. आरशात पाहिलं तर बाबा खुर्चीत पुढे सरकलेले, माझ्या तळहाताकडे बघतायत, आणि ओठ मुद्दाम घट्ट मिटून धरलेत.

सातव्या वेळी वास गेला. फेस पांढरा आला, आणि बोट लावलं तर टोक वर ओढलं गेलं आणि तसंच उभं राहिलं.

न्हावीकाका किटली धरून म्हणाले, "कोमट आहे. कोमट म्हणजे गरमच, मी ठरवतो."

वाटी. घोटलं. दोन थेंब. घोटलं. आणखी एक थेंब. आता ब्रश जड लागत होता, दाट दह्यात चमचा फिरवावा तसा. बाबांच्या गालावर चढवला, कानापर्यंत.

एक.

दहा.

एकोणीस. कुणी श्वास घेत नव्हतं, निदान मी तरी नाही.

सव्वीस. सत्तावीस, जिथे मी आजवर पोचले नव्हते. पस्तीस. फेसात एक भोक नाही. न्हावीकाका मुद्दाम सावकाश ओढायला लागले, लबाड माणूस.

एकोणचाळीस.

चाळीस.

बाबांनी कापडाखालून हात काढला. हातात छाप होती, पितळी, घराच्या नावाची, घरातून येतानाच खिशात घातलेली. न्हावीकाकांनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि मी छाप तापवली. ब्रश गळत होता म्हणून केस खाली करून धरला आणि धूर निघेपर्यंत छाप मुठीवर दाबली. मग ब्रश सरळ केला.

छाप उलटी.

मी ब्रश तसाच बाबांपुढे केला.

बाबांनी तो घेतला, केस खाली करून हुकाला टांगला, जसा प्रत्येक ब्रश वाळायला टांगतात. टांगल्यावर आमच्या घराचं नाव एकदम सुलटं दिसलं.

"टांगलेल्या ब्रशवरचं नाव चाळीस वर्षं आम्ही मान वाकडी करून वाचतोय," बाबा म्हणाले. त्यांच्या ओठावरून फेसाचा एक गोळा आरशावर उडाला, आणि तिथेच चिकटून राहिला.