एकसष्टावा तंबू

बहरीनमध्ये साखीरच्या वाळवंटातल्या महोत्सवासाठी आम्ही साठ तंबू पाठवले आणि एकसष्ट परत आले.

कमी आले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. तंबू कमी येतातच. वारा नेतो, कोणीतरी गाडीच्या टपावर बांधून नेतो. एकदा उंटाने अर्धा तंबू खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघून गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं होतं, आम्हाला असाच मिळाला. पण जास्त? मआमीरच्या गोदामात मी तीन वर्षं असिस्टंट स्टोअरकीपर होतो, जास्तीची मला सवय नव्हती.

तो सोमवार होता. शुक्रवारी दुपारी माझं विमान होतं. तिकडे देवगडला माझ्या बायकोला, अश्विनीला, मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं. मुलीला मी अजून फोनवरच बघितलं होतं. फोनवर ती बहुतेक वेळ एक कान दाखवायची. कान छान होता, पण बाकीची मुलगीही बघावी असं वाटत होतं. अडचण एवढीच की सीझन संपल्यावर गोदामाची यादी जुळल्याशिवाय स्टोअरच्या माणसाच्या लीव्हवर सही होत नाही.

"एकसष्ट?" मॅनेजर राजन सर म्हणाले. सर पुण्याचे, त्यामुळे आकडा चुकला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो.

"तीनदा मोजले सर. फराजनेही मोजले."

"सुयोग, कमी असेल तर फॉर्म आहे. हरवला, फाटला, जळला, टिक करायची. जास्तीला फॉर्म नाही."

"मग काय करू?"

"एक हरव. तुम्हाला जमतं ते."

जास्तीचा कोणता, ते महादेवकाकांनी ओळखलं. काका आमचे फोरमन, आचऱ्याकडचे, बहरीनमध्ये सव्वीस वर्षं. सगळ्या पिशव्यांवरचे नंबर त्यांच्याच हातचे. एका पिशवीसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"तेवीस," ते म्हणाले. "हो तीन वर्सांआधी वाऱ्यान उडालो. माझ्या डोळ्यांदेखत समुद्रात गेलो."

"दुसरा असेल, काका."

"अक्षर माझा आसा."

आम्ही पिशवी सोडली. पिशवी कोरडी होती. आतून दोन बादल्या खारं पाणी आलं आणि एक खेकडा. खेकड्याने आमच्याकडे बघितलं, गोदामाचं दार गाठलं आणि सित्र्याच्या समुद्राच्या दिशेने निघून गेला. फराज, आमचा ड्रायव्हर, हैदराबादचा, म्हणाला, "मैंने कुछ नहीं देखा, मेरी ड्युटी खलास." आणि खरंच घरी गेला.

मंगळवारी सकाळी खेकडा गोदामात होता. तेवीस नंबरच्या पिशवीवर, आपल्या जागेवर आल्यासारखा.

फराजने तंबू ट्रकमध्ये टाकला आणि भंगारवाल्याकडे देऊन आला. जाऊन येऊन चाळीस मिनिटं. तो गेटातून आत वळला तेव्हा तंबू रॅकवर होता.

"उस्ताद, ये मेरे से पहले कैसे पहुँचा? मैं सिग्नल भी तोड़ के आया."

दुपारपर्यंत इतरही गोष्टी यायला लागल्या. चार वर्षांत हरवलेले हातोडे, एका ओळीत. माझी डावी चप्पल, जिची उजवी मी वैतागून टाकून दिली होती. थोड्या वेळाने उजवीही आली. मग राजन सर केबिनमधून बाहेर आले, हातात बशी, बशीत दात.

"ही माझी अक्कलदाढ आहे," ते म्हणाले. "मागच्या वर्षी हमद टाउनला काढली. टेबलावर होती."

"दुसऱ्या कोणाची असेल सर."

"सुयोग, माणूस स्वतःची दाढ ओळखतो." मग बशी बघत ते हळूच म्हणाले, "धुतलेली आहे रे."

ते मला सर्वात जास्त लागलं. कोणीतरी ती धुऊन ठेवली होती.

हे कशामुळे ते काकांनी बुधवारी सांगितलं, आणि तेसुद्धा बुधवारी जे झालं त्याच्यामुळे. सकाळी सात वाजता गेटवर दत्तप्रसाद उभा होता. दत्तप्रसाद आमच्या स्टोअरला होता, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कायमचा कुडाळला गेला. कमरेला घरची लुंगी, हातात भाजीची पिशवी. पिशवीत लाल माठ आणि वालीच्या शेंगा, माठ अजून ओला.

"व्हिजिटवर इलस काय रे?" काकांनी विचारलं.

"बाजारातसून घराक चललंय," तो म्हणाला. "तिठ्यावर वळलंय, तां हय." त्याने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. तिथे सिमेंटचा मिक्सर चालला होता. "भायर माझी रिक्षा उभी नाय मां?"

त्याला आम्ही खुर्ची दिली. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, पायात चप्पलसुद्धा गावातल्या दुकानाची. दर अर्ध्या तासाने तो म्हणायचा, "चला, निघतंय, बायको वाट बघता," गेटबाहेर पडायचा आणि मागच्या दाराने आत यायचा. पाचव्या वेळी त्याने नाद सोडला आणि शेंगा मोडायला घेतल्या.

मी काकांना रॅकच्या मागे नेलं. "काका, मला परवा जायचंय. मी देवगडला पोचेन, मुलगी मांडीवर घेईन, आणि भटजी वळले की मी इथे हातोड्यांच्या ओळीत उभा असेन. खरं सांगा, तुम्ही काय केलंत?"

"गाऱ्हाणा घातलंय," काका म्हणाले.

मला आठवलं. महोत्सवाचा शेवटचा दिवस. धुळीचं वादळ येत होतं, दोर सुटलेले, कापडं फडफडत होती. काकांनी हमद टाउनहून आणलेला नारळ वाळूत ठेवला आणि गावी देवळापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं होतं. गावी प्रत्येक गाऱ्हाण्यात ते मागणं असतंच: बाहेर गेलेल्यांना सुखरूप घरी परत आण. मुंबईला गेलेले, बोटीवर गेलेले, सगळे त्यात येतात. फक्त गावच्या देवाला घर कुठे ते माहीत असतं. वाळवंटातला जो कोण होता तो अनोळखी. अनोळखी माणसाला पत्ता नीट द्यावा लागतो, म्हणून काकांनी दिला होता: "ह्या जाग्याच्या म्हाराजा, तू जो कोण आसशीत तो, आमचा जा काय भायर गेला, हरावला, ता सगळा मआमीरच्या ष्टोरात परत हाड."

होकार द्यायला मी आणि फराज, दोघंच होतो. "व्हय म्हाराजा" मात्र तिघांचं ऐकू आलं होतं. तिसरं एका गुंडाळलेल्या तंबूतून. त्या दिवशी मला वाटलं, वारा आहे. वाऱ्याला मालवणी येत असेल.

"मग गाऱ्हाणं मागे घ्या," मी म्हटलं. "आजच."

काकांनी रॅकवरची एक पिशवी सरळ केली.

"काका?"

"दोन दिस थांब."

"दोन दिवसांनी माझं विमान आहे!"

ते रॅकला टेकून खाली बसले. मग मला दिसलं, तेवीस नंबरचा तंबू त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात उभा केला होता. आत चटई अंथरलेली. चटईवर दोन ताटं पालथी.

गोदाबाई, काकांची बायको, चार वर्षांपूर्वी गावी वारली. काकांना तेव्हा लीव्ह मिळाली नव्हती, कारण यादी जुळत नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यांच्यापुढे काढत नसे.

"आमचा जा काय गेला, असा सांगलंय मी," काका म्हणाले. "समुद्रातसून तंबू येता. दाढ येता. मगे?"

मला जिवंत मुलीकडे जायचं होतं, त्यांना मेलेली बायको हवी होती, आणि दोघांचा अर्ज एकाच टेबलावर होता.

"माका मागे घेवक सांगा नको," ते म्हणाले. "पण तुका सोडूचो एक मार्ग आसा. तो म्हाराजा आमचा तेवढाच परत हाडता. तू आमचो नाय असा सांगलंय, की तुका कित्याक हाडीत?"

गुरुवारी सकाळी राजन सरांनी लीव्हवर सही केली. फॉर्मवर 'इतर' असा एक रकाना होता जो आजवर कोणी वापरला नव्हता. त्यात त्यांनी 'तंबू, एक, स्वखुशीने आला' असं लिहिलं, दाढ खिशात टाकली आणि जनाबियाला घरी गेले. जाताना म्हणाले, "इंशाल्ला रविवारपर्यंत सगळं नॉर्मल असेल." पुण्याचा माणूस इंशाल्ला म्हणाला की परिस्थिती गंभीर समजावी.

दुपारी अस्रची बांग झाल्यावर काकांनी तंबूपुढे नारळ ठेवला. आधी दत्तप्रसाद, असं ठरलं. नेमका तेवढ्यात अश्विनीचा फोन आला, म्हणून मी बाजूला गेलो.

"तुमी येतास मां?" ती म्हणाली. "आई विचारता. पोरगी आज हसली. म्हणजे गॅस होतो, पण हसली."

"येतंय," मी म्हटलं.

मागे काकांचा आवाज आला. "म्हाराजा, हो दत्तप्रसाद आमचो कोण नाय. हेचो नि आमचो काय संबंध नाय."

"व्हय म्हाराजा," फराज म्हणाला. दुसरा होकार तंबूतून आला, आज अगदी स्पष्ट, घसा साफ करून दिल्यासारखा.

मी फोन ठेवून वळलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. शेंगा अर्ध्या मोडलेल्या.

"गेला?" मी विचारलं.

"कौन?" फराज म्हणाला.

"दत्तप्रसाद."

"कौन दत्तप्रसाद?"

मला वाटलं, थट्टा करतोय. काकांनी भाजीची पिशवी उचलली, उलटसुलट बघितली. "ही कोणाची रे? एवढो ताजो माठ बहरीनात खय गावलो?"

पाच मिनिटांत माझ्या फोनवर मेसेज आला. 'पोचलंय. भाजी थयच रवली. बायको तंडता.' मी तो काकांना दाखवला. त्यांनी नाव वाचलं आणि नम्रपणे म्हणाले, "तुझो कोण दोस्त काय?" सात वर्षं दोघांनी एका खोलीत काढली होती. दत्तप्रसादच्या तापात काकांनी त्याला भरवलं होतं. ज्यांनी होकार दिला त्यांच्याकडून तो सबंध पुसला गेला होता, आणि होकार न दिलेला असा तिथे मी एकटाच होतो.

म्हणजे आता माझी पाळी आली की मला आठवायला इथे कोणीच उरणार नव्हतं.

मी काकांकडे बघितलं. बहरीनला उतरलो त्या दिवशी विमानतळावर हेच उभे होते, हातात माझ्या नावाचा पुठ्ठा, नाव चुकीचं. पहिल्या उन्हाळ्यात मी रडलो तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की घामात अश्रू दिसत नाहीत, काम करीत रड. त्यांना सांगावं की काका, असं होणार आहे? सांगितलं तर ते थांबले असते. मला खात्री होती. म्हणून मी सांगितलं नाही.

"माझं घाला," मी म्हटलं.

काकांनी हात जोडले. ते जरा अडखळले. "म्हाराजा, हो सुयोग..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वायट वाटून घेव नको हां रे, खोट्याखोट्याचा आसा."

"घाला काका."

"हो सुयोग आमचो कोण नाय. हेचो नि आमचो काय संबंध नाय."

"व्हय म्हाराजा," फराज म्हणाला.

"व्हय म्हाराजा," तंबू म्हणाला.

काही हललं नाही. खेकडा पिशवीवर होता तिथेच होता. काकांनी डोळे उघडले, नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईने उभे राहिले, परका माणूस दारात आला की राहतात तसे.

"येवा, येवा. कोणाक शोधतास तुमी?"

काका मला तीन वर्षांत कधी 'तुमी' म्हणाले नव्हते.

"चुकून आलो," मी म्हटलं. "पत्ता चुकला."

"होता तसा. हय सगळी गोदामा सारकीच. गाव खयचा?"

"देवगड."

"अरे! आमच्याच भागातले!" त्यांचा चेहरा उजळला. "एवढ्या लांब इलास नि कधी गाठ पडूक नाय. घराक कोण कोण?"

"मुलगी झालीय. बारशाला चाललोय."

"वा! म्हणजे गोड बातमी." त्यांनी नारळ फोडला, मोठी वाटी माझ्या हातात दिली. "पोरीक आमचो आशीर्वाद सांगा. आचऱ्याच्या महादेव मेस्त्रीचो म्हणान सांगा."

फराजने मला विचारलं, "टैक्सी बुला दूँ भाई?" मी नको म्हटलं.

"थांबा, चाय घेवन जावा," काका म्हणाले आणि तंबूकडे तोंड करून हाक मारली, "गो, ऐकलंस? गावचो पावणो इलोहा."

तंबूच्या आत ताट सरळ केल्याचा आवाज झाला. मग बांगड्यांचा. काका दचकले नाहीत. संसारी माणूस दचकत नाही, तसे ते उभे होते, किंचित वैतागलेले, की इतका वेळ का लागतोय.

मी बॅग उचलली.

"चाय?"

"उद्याचं विमान आहे. जातो."

"जातो म्हणा नये हो," काका म्हणाले. "येतो म्हणाचा."

माझ्या मागे तंबूचं कापड बाजूला झालं, ओली पावलं वाजली. काकांच्या डोळ्यांत एक आकृती दिसत होती, छोटी, हातात काहीतरी वाफाळतं. काका हसत तिकडे निघाले.

मी दुसऱ्यांदा म्हटलं, "जातो," आणि वळून न बघता गेटबाहेर पडलो.