खोसियतबाईंचं तिसरं मरण

खोसियतबाई पहिल्यांदा वारल्या तेव्हा तारेचा मजकूर मी लिहिला होता. दुसऱ्यांदा वारल्या तेव्हाही मीच. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तीस वर्षं विनोदी सदर चालवल्यावर माणसाला थोडक्यात लिहायची सवय लागते, आणि तारेला शब्दांवर पैसे पडतात.

आमचं गाव कालव्याच्या दोन्ही काठांवर. मधे पूल, चाळीस पावलांचा. पूर्वी एक काठ दुसऱ्याकडून मीठ उसनं आणायचा. मग इकडचा काठ किर्गिझस्तान झाला आणि तिकडचा उझबेकिस्तान. तरी काही वर्षं बरं चाललं होतं. पुढे दोन्ही राजधान्यांचं गॅसवरून बिनसलं, पाण्यावरून आणखी बिनसलं, आणि पुलावर तारेचं कुंपण आलं. पलीकडे जायची परवानगी फक्त लग्नाला आणि मयताला. त्यासाठी पलीकडच्या नातेवाइकानं डॉक्टरचा शिक्का मारलेली तार पाठवायची.

माझा शेजारी एगमबर्दी इकडे, त्याची म्हातारी आई आणि बहीण मुयस्सर तिकडे. घरात लग्नाचं कोणी उरलं नव्हतं. मग राहिलं काय?

मी मजकूर लिहिला, एका खरबूजवाल्यानं तो पलीकडे नेला, मुयस्सरनं ओळखीच्या डॉक्टरचा शिक्का मिळवला. 'आई गेली. लवकर ये.' एगमबर्दी रडत पूल ओलांडून गेला आणि तीन दिवस आईच्या हातचं जेवून परत आला. म्हातारीनं त्याला वाढताना विचारलं होतं म्हणे, "माझ्या मयताचा पुलाव मोकळा झालाय ना रे? की गिचका झाला?"

गेल्या मार्चमध्ये ती दुसऱ्यांदा वारली. तेव्हा तिनं निरोप पाठवला, "त्या लिहिणाऱ्याला सांग, आता पुरे. तिसऱ्यांदा मारलंत तर मी खरीच मरेन."

मी हसलो होतो.

जूनमधल्या एका गुरुवारी पहाटे ती गेली. तार आली. या वेळचा मजकूर माझा नव्हता, त्यामुळे चार शब्द जास्त होते. दफन दुपारच्या नमाजानंतर.

एगमबर्दीनं लांब झगा घातला, टोपी घातली, कमरेला रुमाल बांधला, हातात काठी घेतली. आमच्याकडे आईबाप गेले की मुलगा असाच दारात उभा राहतो, आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याला भेटतो. खोसियतबाईंना मुलगा एकच. तो पोचला नाही तर दारात उभं राहायला कोणी नाही, मूठभर माती टाकायलाही कोणी नाही. मी सोबत गेलो.

पुलाच्या मध्यावर पलीकडचा लेफ्टनंट बसला होता. पोरसवदा, अक्षर सुंदर. त्यानं तार वाचली, वही उघडली.

"मयत कोण?"

"आई. खोसियत."

त्यानं बोट फिरवलं. "या बाई गेल्या मार्चमध्ये वारल्यात. त्याच्या आधी एकदा कापूस वेचणीच्या वेळी वारल्यात." मग थोरल्या भावाला हाक मारावी तशा अदबीनं म्हणाला, "अका, तुम्हाला आया किती?"

"एकच. आता खरी गेली."

"म्हणजे मार्चची तार खोटी होती? तर मग तुम्ही सरहद्दीवर लबाडी केलीत, आत टाकावं लागेल. आणि मार्चची खरी असेल, तर आजची खोटी. मी दोन्हीला तयार आहे. तुम्ही सांगा."

"बाळा, ते बघ, अंगणात माणसं जमलीत. इथून दिसतंय."

"दिसतंय हो," लेफ्टनंट म्हणाला. "पण दिसतंय त्याची नोंद करायला रकाना नाही."

आम्ही मागे फिरलो. तर पुलाच्या आमच्या टोकाला मांडव, झेंडे आणि लाल सतरंजी; जाताना घाईत लक्षच गेलं नव्हतं. आमचा जिल्हाप्रमुख ताश्तानबेक घामाघूम होऊन फिरत होता. त्या दिवशी दोन्ही देशांचा व्यापार करार होता. बटाटे, सिमेंट आणि जर्दाळू यांना पूल खुला होणार होता. माणसांचा विचार पुढच्या टप्प्यात.

"एगमबर्दी-अका!" तो धावत आला. "तुम्हाला देवानंच पाठवलं. पलीकडून येणाऱ्या मंत्र्यांपुढे स्वागताचं भाकरी-मीठ धरायला पांढऱ्या दाढीचा माणूस हवाय. ठरवलेला म्हातारा सकाळपासून खोकतोय. फोटोत खोकला दिसत नाही म्हणा, पण भाकरीवर उडेल."

"माझी आई गेलीय."

ताश्तानबेक वाईट माणूस नव्हता. त्यालाही झगा आणि रुमाल कळत होता. हळू आवाजात म्हणाला, "अका, पाहुणे अकराला येतात. पाच मिनिटांचं काम. मग त्यांच्या ताफ्यातल्या गाडीत मी स्वतः तुम्हाला बसवून पलीकडे नेतो. त्या गाड्यांना वही नाही. फक्त... कमरेचा रुमाल तेवढा सोडा. आणि काठी."

एगमबर्दीनं माझ्याकडे पाहिलं. मला आयुष्यभर सल्ले द्यायची सवय.

"सोड," मी म्हणालो.

त्यानं रुमाल सोडून माझ्या हातात दिला. काठी दिली. ताश्तानबेकच्या माणसानं त्याच्या हातावर भाकरीचं तबक ठेवलं.

अकराचे बारा झाले. बँडवाल्यांनी दोन्ही राष्ट्रगीतांचा सराव केला. साडेबारा झाले. एगमबर्दी तबक धरून कालव्यापलीकडे बघत होता. मीठ विरघळायला लागलं होतं, बहुधा उन्हानं. एक वाजता पलीकडच्या गल्लीतून मयताचा ताबूत निघाला. आमच्याकडे ताबूत घाईनं नेतात, खांदे भराभर बदलतात. वरची हिरवी चादर कुंपणामागून टेकडीकडे जाताना स्पष्ट दिसली. दारात मुयस्सर एकटीच उभी होती.

तेवढ्यात मंत्री आले.

"हसा, अका," छायाचित्रकार म्हणाला. "थोडंसं. दात नाही दिसले तरी चालतील."

एगमबर्दी हसला. माणसाला पलीकडे जायचं असलं की तो काय काय करतो. मंत्र्यांनी तुकडा मोडला, मिठाला लावला आणि पंचवीस मिनिटं भाषण केलं. आपले देश म्हणजे दोन भाऊ, एका आईची लेकरं, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवणार होतो, पण हात रिकामे नव्हते.

मग सगळे गाड्यांत बसले. ताश्तानबेकनं दार उघडून एगमबर्दीला खूण केली, तेवढ्यात राजधानीतल्या कोणा साहेबानं ती जागा घेतली. ताश्तानबेकनं खिडकीतून दोन्ही हात पसरले. ताफा निघाला. एगमबर्दी तबक घेऊन मागे पळाला, दहा पावलं, पंधरा पावलं. वयाच्या मानानं चांगला पळाला. मग अडसर खाली आला.

टेकडीवरची माणसं उतरायला लागली होती.

तो परत आला, तबक सतरंजीवर ठेवलं आणि लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले. मी त्याच्या कमरेला रुमाल बांधला. गाठ मला दोनदा घालावी लागली. काठी घेऊन तो पुलाच्या तोंडाशी उभा राहिला, जणू ते आईच्या घराचं दार होतं.

बटाट्यांच्या ट्रकांची रांग लागली होती. पहिल्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवायला हात नेला, आणि त्याला रुमाल दिसला. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, एगमबर्दीचे दोन्ही हात हातात घेतले.

"कोण गेलं, अका?"

"आई."

त्यानं ओंजळ धरून दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले, ट्रकात बसला आणि बटाटे घेऊन पलीकडे गेला. मग दुसरा उतरला. मग तिसरा. एकूण एकेचाळीस ट्रक होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला: 'बंधुत्वाचं हसतमुख स्वागत.' आतल्या पानावर दोन ओळी होत्या. पहिल्याच दिवशी मालवाहतूक तांत्रिक कारणानं तीन तास रेंगाळली.

लेफ्टनंटच्या वहीत खोसियतबाई अजून दोनदाच वारलेल्या आहेत. दोन्ही नोंदी माझ्या शब्दांतल्या.