मसणवटीतलं लाकूड

लिंबिकानीची खोड जन्मापासूनची आहे. कुणाला 'नाही' म्हणायचं नाही. लहानपणी एकाच दुपारी दोन घरी जेवायचा. दोन्ही घरच्या बायांनी विचारलेलं असायचं, "भूक लागलीय का रे?" आणि हा दोघींनाही 'हो' म्हणालेला असायचा. तेव्हा त्याचंच पोट दुखायचं. आता खासदार झालाय, तर त्याच्या 'हो'चं दुखणं आख्ख्या गावाला.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आमच्यात वंश बाईकडून चालतो, म्हणून तो माझाही मुलगाच, आणि घराण्यात थोरली मी. बाहेर लोक त्याच्यासाठी गाडीचं दार उघडतात. माझ्या दारात मात्र चपला काढून, गुडघे टेकून येतो.

मागच्या सुगीनंतर त्यानं मैदानात सभा घेतली. राजधानीहून आलेल्या संस्थेच्या पाहुण्यांना म्हणाला, "चिलिंडे डोंगरावर आजपासून कुऱ्हाड बंद. एक फांदी तुटणार नाही." टाळ्या. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही डोंगर राखा, संस्था बाळंतपणाचा दवाखाना देईल. पत्रे, सिमेंट, नर्स त्यांची. विटा तेवढ्या गावाच्या." पुन्हा टाळ्या. गावानं विटा द्यायच्या ही आमची जुनीच रीत. शाळा अशीच उभी राहिली. फक्त शाळेच्या विटा भाजल्या होत्या चिलिंडेच्याच लाकडावर.

मी उभी राहिले. "आणि या विटा भाजायच्या कशावर? तुझ्या भाषणावर?"

लोक हसले. सगळ्यांत जास्त तोच हसला. "होईल, मोठी आई. होईल काहीतरी."

होईल म्हणे.

आम्ही बायांनी उन्हाळाभर विटा थापल्या. माझी नात तियामिके पोट सांभाळत नदीवरून पाणी आणायची. मी ओरडले की म्हणायची, "आजी, मी माझ्याच खोलीच्या भिंती बांधतेय." तिची आई, म्हणजे माझी एस्नार्ट, दुसऱ्या खेपेला अडली तेव्हा आम्ही तिला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात निघालो होतो. नदी भरली होती. बैल पाण्यात पाय घालेनात. पुढचं मी सांगत नाही. एस्नार्ट मसणवटीत झाडाखाली आहे.

आता तियामिकेचे दिवस भरत आले होते. भट्टी रचून झाली होती, पण तिची जळणाची तोंडं रिकामी. पूर्वेला रोज ढग चढायचे. कच्च्या विटेला पाऊस लागला की विटेचा चिखल, हे पोरंसोरंही जाणतात. मी ढगाकडे बघायची, मग पोरीच्या पोटाकडे, पुन्हा ढगाकडे. लिंबिकानीला फोन लावला की तो बैठकीत. पाहुणे शुक्रवारी विटा बघायला येणार होते.

गुरुवारी सकाळी लाकडांनी भरलेला ट्रक आला. "खासदारसाहेबांनी पाठवलं," ड्रायव्हर म्हणाला. बायांनी आरोळ्या ठोकल्या आणि ओंडके भट्टीच्या तोंडात सारायला लागल्या. माझंही छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात साउलोसी धावत आला. कबरी खणणाऱ्यांचा म्होरक्या तो. कधी धावत नाही. मेलेल्याला कसली घाई, असं स्वतःच म्हणतो.

"नाफिरी," त्याला दम लागला होता, "मसणवटीतली दोन झाडं गेली."

मी ओंडक्यांपाशी गेले. एकाची साल एका बाजूनं गुळगुळीत होती. खड्डा खणून झाला की साउलोसीची माणसं ज्या झाडाला पाठ टेकून मयताची वाट बघतात, तेच हे झाड. त्याच्या मुळाशी माझी एस्नार्ट.

मसणवटीतून आम्ही चुलीला काटकीसुद्धा आणत नाही. त्या लाकडाचा धूर घरात शिरला की घर रिकामं होतं. शहरातली पोरं हसतात यावर. हसोत. रात्री तीही त्या वाटेनं जात नाहीत.

बायांच्या हातातली लाकडं खाली पडली. मी भट्टीच्या तोंडात जाऊन बसले. "आता पेटवायची तर माझ्यासकट पेटवा."

दुपारी लिंबिकानी आला. गुडघे टेकले, पण नजर जमिनीवर.

"मोठी आई, डोंगराला हात लावला असता तर संस्था गेली असती. मसणवट नकाशावर राखीव नाही. दोनच झाडं..."

"नकाशावर तुझी आईपण नाही. तिलाही तोडशील?"

"उद्या पाहुणे येतील. भट्टी थंड दिसली तर दवाखाना जाईल. तुम्हीच म्हणता ना, तियामिकेसाठी..."

"तिलाच विचार."

तियामिकेनं डोक्यावरची बादली खाली ठेवली. "मामा, मी उकिरड्यावर बाळंत होईन. त्या भिंतींत नाही. आणि कुठलीच बाई जाणार नाही. तुमची नर्स एकटीच बसेल आत."

त्यानं गुडघ्यावरची माती झटकली. मग हळूच म्हणाला, "मग मी काय सांगू त्यांना?"

"खरं."

"आणि पैसे परत गेले तर?"

भीती मलाही तीच होती. पण मी मान ताठ ठेवली. भीती दाखवली असती तर त्यानं तेवढ्यावर पुन्हा एक 'होईल' बांधलं असतं.

शुक्रवारी पाहुणे आले. बाया गायल्या, पण नाचायला पाय उचलत नव्हते. पाहुण्यांच्या प्रमुख कालुवाबाई आपल्याच मुलखातल्या, राजधानीत राहणाऱ्या. लिंबिकानी पुढे झाला. "आपलं स्वागत असो, सगळं अगदी तयार..." त्याची नजर माझ्यावर पडली. मी भट्टीच्या तोंडातच होते. तो थांबला.

"तयार नाही," तो म्हणाला. "डोंगरही राखू आणि विटाही भाजू, असं मी दोघांना कबूल केलं. दोन्ही एकदम होत नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. ही लाकडं मसणवटीतली. मी तोडायला लावली."

गाणं थांबलं. कालुवाबाईंचा हात ओंडक्यावर होता. तो त्यांनी झटकन उचलला आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाला पुसला. राजधानीत राहिल्या म्हणून काय झालं!

मग म्हणाल्या, "माती आणि सिमेंट दाबून, न भाजता विटा करण्याचं यंत्र असतं. मी विचारून बघते. पण वर्ष जाईल. मिळेलच असं सांगत नाही."

ही बाई 'मिळेलच असं सांगत नाही' म्हणाली, तेव्हा मला ती आवडली. पण तियामिकेच्या पोटाला वर्ष नव्हतं. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता, तिच्या आईसारखा.

गाड्या गेल्या. आकाश काळं होत होतं. बाया विटांवर गवत पसरायला धावल्या. मी भट्टीतून उठले. गुडघे वाजले. सगळ्यांसमोर लिंबिकानीला म्हणाले:

"ऐक. तू वाईट नाहीस, भित्रा आहेस, आणि खासदाराला ते जास्त महाग पडतं. ही लाकडं स्वतःच्या खांद्यावरून मसणवटीत परत न्यायची, साउलोसी सांगेल तिथे ठेवायची, एस्नार्टची माफी मागायची. आणि तुझी गाडी दवाखाना उभा राहीपर्यंत माझ्या आंब्याखाली राहील. ड्रायव्हरला दोन वेळ जेवायला न्सिमा मी घालीन. कळा आलेली बाई त्या गाडीतून जाईल. पहिली तियामिके, आजच, नदी भरायच्या आत, पुढच्या सीटवर बसून. तू संसदेत बसनं जा. आणि बसमध्ये कुणी विचारलं, 'साहेब, उभे का, माझ्या जागेवर बसता का?', तर एकदा तरी 'नाही' म्हणून बघ."