भोंग्याने शब्द मागे घेतला

त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याला त्याचा राग नव्हता, उलट गर्वच होता. गाडीच्या टपावर दोन कर्णे, हातात माईक आणि छातीत असा आवाज, की तिसऱ्या मजल्यावर झोपलेला माणूसही दचकून खिडकीत यावा. उद्या पाणी येणार नाही, पूल बंद राहील, कुणाचं पोर हरवलंय, सगळं शहराला त्याच्या तोंडून कळायचं. पंचवीस वर्षांत आपल्याला एकही शब्द मागे घ्यावा लागला नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. जरा अतिच सांगायचा.

साथ आली, मग लस आली, तेव्हा आरोग्य कार्यालयाने त्यालाच बोलावलं. सरकारी कागदावरची वाक्यं ही अशी लांबलचक. चालत्या गाडीतून माणसाच्या कानावर जेमतेम सात-आठ शब्द पडतात, हे या धंद्यातलं साधं गणित. म्हणून भोंगा नेहमी लाल पेन घेऊन कागद सोलायला, म्हणजे जादा शब्द खोडायला बसायचा. तसा त्याने हाही सोलला आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लोगल्ली गर्जना सुरू झाली, "गरोदर बायकांनी लस घेऊ नये! घेऊ नये म्हणजे घेऊ नये!" यातलं शेवटचं त्याच्या पदरचं होतं.

तीन महिन्यांनी नवा कागद आला. गरोदर बायकांनी लस जरूर घ्यावी.

भोंगा तडक कार्यालयात गेला. "डॉक्टरीणबाई, पोरखेळ चाललाय का? काल नको, आज हवी! लोक माझ्या तोंडाला काळं फासतील."

"तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, आता माहीत झालंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मधल्या काळात इतर देशांत हजारो गरोदर बायकांनी लस घेतली. त्यांच्यावर नीट लक्ष ठेवलं, बाळांना धोका दिसला नाही. उलट लस न घेता आजारी पडलेल्यांचे हाल जास्त झाले. हे कळल्यावरही जुनंच सांगत बसू का?"

भोंग्याने नवी सूचना वाचली, पण तोंडात कडू औषध धरल्यासारखी. आठवडा गेला आणि केंद्रावर एकही गरोदर बाई फिरकली नाही. मग त्याच्या खालच्या मजल्यावरच्या सहा महिन्यांच्या गरोदर बाईला धाप लागली, ॲम्ब्युलन्स आली आणि भोंग्याने वर घराकडे धाव घेतली. कारण त्याची स्वतःची लेक सातव्या महिन्यात होती, त्याच घरात.

"पोरी, उद्या जाऊन लस घे," तो म्हणाला.

"नाही हं बाबा. तुमचाच आवाज बसलाय कानात. घेऊ नये म्हणजे घेऊ नये! आणि तुमचा शब्द कधी फिरत नाही म्हणे."

"अगं, मी काय मनाचं सांगितलं? कागदावर होतं ते बोललो. थांब, दाखवतोच तुला!"

त्याने कपाटातून जुना कागद उपसून काढला आणि तावातावाने वाचायला घेतला. पहिल्याच ओळीत तो अडकला. लाल रेघेखालून अक्षरं स्पष्ट दिसत होती: 'सध्या पुरेशी माहिती उपलब्ध नसल्यामुळे, पुढील सूचना येईपर्यंत...' मग पुढे ते पाच शब्द, जे त्याने शहरभर ठणकावले होते. रेघ त्याची होती आणि पेनही त्याचंच.

लेक समोर बसून वाट बघत होती. कागद घडी करून खिशात घातला असता, तर तिला कधीच कळलं नसतं. पण भोंग्याने कागद तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे न बघताच बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. "लक्ष द्या! तीन महिन्यांपूर्वी मी म्हणालो, गरोदर बायकांनी लस घेऊ नये. कागदावर लिहिलं होतं, सध्या माहिती पुरेशी नाही, म्हणून थांबा. ते शब्द मी गाळले. चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती! आता माहिती आली आहे. आयाबहिणींनो, लस घ्या!"

"भोंगा फुटला रे!" न्हावी दुकानातून ओरडला. भोंग्याचे कान लाल झाले, पण त्याने गाडी थांबवली आणि न्हाव्याच्या दारात सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, एकही शब्द न गाळता.

दुपारी गाडी केंद्रासमोर आली. दारात चार पोटुशा बायका उभ्या होत्या. पाचवी त्याची लेक होती, हातात तोच जुना कागद. उघड्या खिडकीतून त्याला सिस्टरचा आवाज आला.

"इतके दिवस का थांबलात?"

"बाबांनी सांगितलं म्हणून."

"आणि आज का आलात?"

"बाबांनी सांगितलं म्हणून," लेक म्हणाली आणि तिने बाही वर केली. बापाचाच आवाज तिचा, केंद्रभर ऐकू गेला.

भोंगा अजूनही कुणी न विचारता सांगतो, की पंचवीस वर्षांत आपण एकदाच शब्द मागे घेतला. सांगताना छाती पूर्वीपेक्षा फुगलेली असते आणि कडेवर नात असते. तिचा आवाज, तो म्हणतो, अजून दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचतो.