हियासच्या केसांवरचा उजेड

आर्सेनियोच्या बहिणीने दुबईहून तीन नवेकोरे स्टुडिओ-फ्लॅश पाठवले आणि त्या दिवसापासून सेल्मोच्या पोटात दुखायला लागलं. साध्या पोटदुखीवर आल्याचा काढा चालतो, ह्या दुखण्यावर काय चालणार? लिपा गावात एकाच रस्त्यावर समोरासमोर दोघांचे एकेका खोलीचे स्टुडिओ. एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. आर्सेनियो तर सेल्मोच्या मुलीचा, हियासचा, बाप्तिस्म्यातला धर्मबाप. त्या नात्याने दोघं एकमेकांना 'पारे' म्हणायचे. पण पारे म्हटलं म्हणून जळायचं थोडंच थांबतं!

"तीन!" सेल्मो बायकोला म्हणाला. "त्या गाढवाला एक धड लावता येत नाही, आणि आले तीन!"

"बहीण चांगली आहे त्याची," पेर्ला म्हणाली. "तुझीही असती तर तूही लावले असतेस."

झोंबायला एवढं पुरे होतं. त्यातच नर्सिंग कॉलेजचं काम निघालं. शेवटच्या वर्षाच्या एकशेदहा मुली, प्रत्येकीचा काळ्या झग्यातला, चौकोनी टोपीतला पदवीचा फोटो. हा फोटो प्रत्येकाच्या घरात बाहेरच्या खोलीत लागतो, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या तसबिरीपेक्षा मोठा. काम मिळालं की वर्षाची ददात मिटली. मुख्य सिस्टर कोन्सोलासियोन यांनी दोघांनाही सांगून ठेवलं, "शनिवारी जिममध्ये या. चार मुली देते, त्याच चौघींचे दोघांनी काढा. ज्याचे बरे, त्याचं काम." त्या चौघींत हियासही होती.

सेल्मोने जमवलेले अठरा हजार पेसो पेर्लाच्या पर्समध्ये टाकले आणि दोघं मनिलाची बस धरून कियापोच्या कॅमेरा गल्लीत गेली. दुकानातली बाई अनुभवी दिसली.

"कुया," ती मोठ्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "माझं ऐका. एकच घ्या, पण चांगला घ्या. रेडिओवाला घ्या, म्हणजे तो फक्त तुमच्याच कॅमेऱ्याचं ऐकेल. वर पांढरी छत्री लावा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तक्ता उभा करा. एवढ्यात बसतं सगळं."

"एकच? त्याच्याकडे तीन आहेत."

"कोणाकडे?"

"आहे एकजण," सेल्मो म्हणाला. पेर्लाने कपाळाला हात लावला.

"ह्या पैशात तीनही येतील," बाई म्हणाली, "पण बिनरेडिओचे. त्यांना मागे हा लाल डोळा असतो. समोर फ्लॅश उडालेला दिसला की हाही उडतो. कोणाचा उडाला ते मात्र विचारत नाही हं."

"अरे, ऐक ना त्या काय म्हणतायत," पेर्ला म्हणाली.

"तीन द्या," सेल्मो म्हणाला. परतीच्या वाटेवर दोघांनी एकाच बशीतल्या पान्सितच्या शेवया खाल्ल्या, कारण दुसऱ्या बशीचे पैसे उरले नव्हते.

शनिवारी जिमच्या मधोमध दोरीवर मधे उभी फाटलेली पांढरी चादर टांगून दोन भाग केले होते. आर्सेनियोने सेल्मोचे तीन फ्लॅश पाहिले, त्यांच्या पाठीवरचे लाल डोळेही पाहिले.

"पारे, माझे रेडिओवाले आहेत. आपले एकत्र उडाले तर तुझीच पंचाईत होईल. तू आधी काढ. मी थांबतो बाहेर."

खरं तर किती सरळ बोलला माणूस! पण सेल्मोला त्यात मेहेरबानी दिसली, आणि आर्सेनियोची मेहेरबानी म्हणजे त्याला विषासारखी.

"मला कोणाच्या उपकाराची गरज नाही. तू तुझं काढ, मी माझं काढतो."

आर्सेनियोने पहिला फोटो काढला. चादरीच्या अलीकडे सेल्मोचे तिन्ही फ्लॅश झपकन उडाले. मुली खिदळल्या. फ्लॅश परत भरायला चार-पाच सेकंद लागायचे. ते भरतात न भरतात तोच पलीकडून दुसरा क्लिक, की हे तिघं पुन्हा हजर! सेल्मोने बटण दाबलं की सगळं ठार. फोटोत काळोख, काळोखात पांढरे दात.

"काय रे पारे," पलीकडून आर्सेनियो ओरडला, "तुझे दिवे मला सलामी देतायत की काय?"

सेल्मोच्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे माझे, घाम माझा, आणि हे मेले नाचतात त्याच्या तालावर! त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि चादरीजवळच्या फ्लॅशच्या स्टँडला अशी लाथ घातली, की तो गर्रकन फिरून चादरीच्या फटीकडे तोंड करून राहिला. नेमकी तेव्हा पलीकडे चादरीकडे पाठ करून हियास बसली होती. आर्सेनियोने क्लिक केलं. सेल्मोचा फ्लॅश शेवटची सलामी देऊन मोकळा झाला.

काम आर्सेनियोला मिळालं, हे सांगायला नकोच. बुधवारी धर्मबापाच्या हक्काने त्याने हियासचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून पाठवला. खाली कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत त्याच्या स्टुडिओचं नाव. सेल्मोने फोटो उचलून खिडकीशी धरला. पोरगी देखणी दिसत होतीच, पण टोपीखालून निघालेल्या केसांच्या कडेला सोन्याची बारीक रेघ होती. खांद्यावर, गालाच्या काठावर, सगळीकडे ती रेघ. तीन दिवे समोर लावून ही रेघ येत नाही. ती मागून यावी लागते. मागून, फटीतून आलेली होती ती.

"माझा फ्लॅश आहे हा," तो पेर्लाला म्हणाला. "हा उजेड माझा आहे!"

पेर्ला कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला होती. शुक्रवारी ती बातमी घेऊन आली. सिस्टरना सगळ्या मुलींचे फोटो हियाससारखे हवे होते. आर्सेनियोने दोन दिवसांत तीस मुलींचे फोटो काढले, एकीच्याही केसांवर रेघ नाही. सिस्टरनी तीसच्या तीस परत केले आणि बजावलं, सोमवारपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या फोटोग्राफरला बोलावते.

"दुसरा म्हणजे तू," पेर्ला म्हणाली. "एकटा असशील तेव्हा तुझे फ्लॅश तुझंच ऐकतील. एक मागे ठेव, झालं. फक्त सोमवारपर्यंत तोंड उघडू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

"मी कशाला उघडतोय!" सेल्मो म्हणाला.

शनिवारी दुपारी आर्सेनियो स्वतःच आला. डोळ्यांखाली काळं, हातात केळ्याच्या तळलेल्या गुंडाळ्यांची पुडी. हियासच्या फोटोखालच्या सोफ्यावर बसला आणि मान वर करून बघत राहिला.

"पारे, खरं सांगू? पुन्हा येत नाही रे असा. सगळं तसंच लावतो, तरी येत नाही."

पेर्लाने कॉफी ठेवता ठेवता नवऱ्याकडे पाहिलं. सेल्मोने एक गुंडाळी तोंडात कोंबली. दुखणाऱ्या पोटाला आज कुठे थोडा थंडावा मिळत होता. शोध, मेल्या, शोध!

"तुला वाईट वाटेल," आर्सेनियो पुढे म्हणाला, "पण मला वाटतं हे दिव्यांचं नसतंच. हाताचं असतं. त्या दिवशी देव माझ्या हातात उतरला होता. उस्ताद म्हणायचेच ना, आर्सेनियोचा हात वेगळा आहे म्हणून? सिस्टरसुद्धा म्हणाल्या, असा हात गावात दुसरा नाही."

"केळं घ्या ना अजून," पेर्ला घाईघाईने म्हणाली.

"हात?" सेल्मो म्हणाला.

"सेल्मो," पेर्ला म्हणाली.

"तुझा हात? अरे, तुझ्या हाताला ह्या जन्मात ती रेघ आली नसती! फटीतून आलाय तो उजेड! माझ्या फ्लॅशचा! मी लाथ मारून फिरवला होता तो, थांब, दाखवतोच तुला!"

तो आत गेला, फ्लॅश आणि कॅमेरा घेऊन आला, पेर्लाच्या मागे स्टँडवर उभा केला, हातातल्या कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडवला आणि फोटो आर्सेनियोच्या नाकासमोर धरला. पेर्लाच्या पिकल्या केसांना सोन्याची कड आली होती. खाली तिचा चेहरा मात्र पार उतरला होता.

आर्सेनियोने फोटो पाहिला, फ्लॅश पाहिला, त्याच्या पाठीवरचा लाल डोळा पाहिला.

"मागून," तो हळूच म्हणाला. "हात्तिच्या! मागून होय!" मग उठून त्याने सेल्मोला कडकडून मिठी मारली. "देव तुझं भलं करो पारे. मागे लावायला चौथा आणतो, चारची बस मिळते का बघतो." आणि कॉफी तशीच टाकून कियापोला पळालासुद्धा.

दारातून त्याची पाठ दिसेनाशी झाली तरी पेर्ला हलली नाही.

"दोन दिवस," ती म्हणाली. "नुसतं तोंड मिटून बसायचं होतं रे. दोन दिवस!"

सेल्मो सोफ्यावर बसला. वर भिंतीवर हियास हसत होती. कोपऱ्यातली सोनेरी अक्षरं इथूनही वाचता येत होती.

"पण आता त्याला कळलं ना गं," तो म्हणाला, "उजेड माझा होता ते?"