माझ्या दारावरचं झरीनचं गणित

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फ्रिज आहे. ओमानमधल्या सोहार शहरात नयना मॅडमच्या स्वयंपाकघरात माझी हयात गेली. दूध, मासे, कैऱ्या, सगळं मुकाट सांभाळलं. कौतुक कुणाला? माणसं दार उघडतात आणि 'खायला काहीच नाही' म्हणून आपटतात!

मग महामारी आली, शाळा बंद झाली. मॅडम सहावीला गणित शिकवायच्या, पण घरात फळा कुठला? त्यांनी मोबाइल रव्याच्या डब्याला टेकवला आणि माझ्याच दारावर मार्करने अपूर्णांक लिहिले. काय सांगू, माझा ऊर भरून आला! वर्ग चालू असताना त्यांचे यजमान गुरुदत्त दूध घ्यायला आले की मॅडम ओरडायच्या, "अहो, थांबा! गणित अर्धं राहिलंय!" मुलं खो खो हसायची.

पण माझी एक खोड आहे. मध्येच माझी मोटर घुर्र करून सुरू होते. ते माझ्या हातात नाही हो.

त्या दिवशी झरीन गणित सांगत होती आणि मॅडम ते दारावर लिहीत होत्या. मुलगी हुशार, पण आवाज अगदी बारीक. मॅडमशी मराठीत बोलणारी वर्गात ती एकटीच. तिचे वडील मुनीरभाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होते, तो बंद पडला होता. अर्ध्या गणितात ती थांबली.

"मॅडम, एक सांगायचं होतं. उद्यापासून मी..."

आणि नेमकी माझी मोटर सुरू झाली! पुढचं मलासुद्धा ऐकू आलं नाही.

"झरीन बेटा, आवाज येत नाही. उद्या सांग हं. यल्ला, चल रेहान, आता तू."

दुसऱ्या दिवशी झरीन आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुनीरभाईंचा फोन बंद. बाहेर पडायला बंदी, मॅडम जाणार कुठे? दहा दिवसांनी रेहान म्हणाला, "मॅम, झरीन इंडियाला गेली." गाव रत्नागिरीकडे, एवढंच मॅडमना ठाऊक. तिथे ती शिकते की नाही, कोण सांगणार?

तेव्हापासून मॅडम वर्गाआधी माझा प्लग काढायच्या. कधी परत लावायला विसरायच्या, दूध नासायचं. गुरुदत्त एका शब्दाने बोलायचे नाहीत. पण तो बारीक आवाज पुन्हा आलाच नाही.

आता शाळा भरते. नवा फ्रिज आलाय. मी बाल्कनीत, पोटात कांदे-बटाटे. गुरुदत्त परवा म्हणाले, "हा खलास झालाय, देऊन टाकू." झरीनचं अर्धं गणित अजून माझ्या दारावर आहे. ते मॅडमनी कुणाला पुसू दिलेलं नाही.

मित्रांनो, मी काय शिकवणार तुम्हाला? एवढंच सांगतो. कुणी बारीक आवाजात काही सांगू लागलं, तर 'उद्या सांग' म्हणू नका. आधी माझ्यासारख्याचा प्लग काढा. त्या दिवशीही तो मॅडमच्या हाताशीच होता.